उसन्या गळ्यांची गाणी

रॉक संगीत जन्मले तेव्हा आपल्यालाही कधी काळी म्हातारपण येईल, याचा विचार त्याने केला नव्हता. विशीतल्या मुलांनी विशीतल्या मुलांसाठी, बापाच्या पिढीच्या कानठळ्या बसतील इतक्या मोठ्या आवाजात केलेले ते संगीत होते. आज त्या मुलांपैकी जे हयात आहेत ते सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि वयाच्या विसाव्या वर्षी लिहिलेल्या गाण्यांचे पुढे करायचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा आहे. बहुतेकांनी उत्तर सोपे करून घेतले: प्रचंड क्रीडांगण, प्रचंड पडदे, मूळ ध्वनिमुद्रिकेबरहुकूम वाजवणाऱ्या तरुण वादकांची फळी आणि तिकिटाच्या बदल्यात हमखास स्मरणरंजन. काहींनी दुसरी वाट धरली. दोन-तीनशे माणसांची खोली, एक मायक्रोफोन, एक अकूस्टिक गिटार, आणि जुनी गाणी नव्याने.

ही दुसरी वाट अधिक प्रामाणिक, अधिक कलात्मक मानण्याची आता रूढीच पडली आहे. आवाज कमी झाला की सत्य वाढते, असे काहीसे हे समीकरण आहे. आम्हांस ते मान्य नाही. १९८९ साली एमटीव्हीने ‘अनप्लग्ड’ ही मालिका सुरू केली आणि इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवणे ही एक शैली झाली. शैली झाली की तिचा माल व्हायला वेळ लागत नाही. एरिक क्लॅप्टनचे ‘लैला’ घ्या. निझामीच्या लैला-मजनूवरून नाव घेतलेले हे गाणे १९७० साली ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या बँडने केले तेव्हा तो मित्राच्या पत्नीच्या प्रेमात वेडावलेल्या माणसाचा आक्रोश होता. १९९२च्या ‘अनप्लग्ड’मध्ये तेच गाणे संथ, डुलत्या लयीत येते. खपले अफाट, पण मजनूला आरामखुर्चीत बसवल्यावर त्याच्या वेडाचे काय उरले, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. पुढे २०१७ साली ब्रूस स्प्रिंगस्टीनने ब्रॉडवेवरच्या हजारांहून कमी आसनांच्या नाट्यगृहात एकट्याने गायला सुरुवात केली. चांगल्या जागेचे तिकीट साडेआठशे डॉलर. जवळिकीलाही बाजारभाव असतो, तो असा.

तेव्हा खोली लहान आहे की मोठी, हा मुद्दा नव्हे. त्या खोलीत गाण्याचे असे काही होते का, जे मोठ्या आवाजात, बँडच्या सोबतीत, मूळ रूपात झालेच नव्हते, हा मुद्दा आहे. बहुतेक उदाहरणांत नाही असेच उत्तर येते. एका उदाहरणात मात्र ते निःसंशय हो असे येते, आणि त्यामागचे कारण अकूस्टिक गिटारीत नसून निराळ्याच ठिकाणी आहे. हे उदाहरण रिचर्ड थॉम्सनचे.

आपल्याकडे थॉम्सनचे नाव फारसे ठाऊक नाही. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही ते जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फार पसरलेले नाही. १९४९ साली लंडनमध्ये जन्म. बाप मूळचा स्कॉटिश, स्कॉटलंड यार्डात नोकरीला, आणि घरी गिटार वाजवणारा. त्याच्या संग्रहातल्या जँगो राइनहार्टच्या ध्वनिमुद्रिका ऐकत मुलगा वाढला. १९६७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मित्रांबरोबर त्याने ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ हा बँड उभा केला. फेअरपोर्ट हे एका सोबत्याच्या घराचे नाव. तिथे ही मुले तालमी करीत. सुरुवातीला अमेरिकन गाण्यांचे अनुकरण, आणि अवघ्या अडीच वर्षांत इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांना रॉकच्या ड्रम्सवर आणि इलेक्ट्रिक गिटारीवर बसवणारी ‘लीज अँड लीफ’ ही ध्वनिमुद्रिका. इंग्रजी ‘फोक-रॉक’ म्हणून जे ओळखले जाते त्याचा पाया १९६९च्या त्या एका वर्षात घातला गेला. १९७१च्या आरंभी थॉम्सनने बँड सोडला.

आता आमच्या मुद्द्याकडे. या बँडमध्ये थॉम्सन मुख्य गिटारवादक होता, आणि हळूहळू मुख्य गीतकारांपैकी एक झाला. पण गायक नव्हता. मुलगा भिडस्त, बोलताना अडखळणारा. त्याने गाणे लिहायचे आणि ते सँडी डेनीच्या किंवा इअन मॅथ्यूजच्या गळ्यात द्यायचे, अशी व्यवस्था होती. सँडी डेनी ही त्या पिढीची इंग्लंडमधली थोर गायिका. तिच्यासारखा आवाज हाताशी असताना स्वतः गाण्याचा हट्ट कोण धरील? डेनी बँडमधून गेल्यावर त्याला गावे लागले, आणि १९७२ साली स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका काढली तेव्हा तिच्या फार थोड्या प्रती खपल्या. त्याच वर्षी त्याचा लिंडा पीटर्सशी विवाह झाला, आणि पुढची दहा वर्षे, सहा ध्वनिमुद्रिकांमध्ये, त्याची उत्तमोत्तम गाणी पुन्हा एका स्त्रीच्या गळ्यातून जगापुढे आली. म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापासून तेहेतिसाव्या वर्षापर्यंत या माणसाने जे सर्वांत खोलवरचे लिहिले ते बव्हंशी उसन्या गळ्याने गायले गेले. लेखकाने टोपणनाव घ्यावे तसे त्याने आवाज घेतले होते.

आपल्या भावगीतांच्या जगात कवी निराळा, संगीतकार निराळा आणि गायक निराळा ही विभागणी आपण गृहीतच धरतो. संगीतकार स्वतः गायला बसला की गळा कमी पडला तरी चालीतला एखादा दडलेला पदर अचानक उघडतो, हा अनुभवही आपल्याला आहे. रॉकमध्ये तसे नव्हते. तिथे गाणाऱ्याचेच गाणे, हा १९६५ नंतरचा अलिखित नियम. त्या नियमाला थॉम्सन अपवाद होता आणि म्हणूनच त्याने एका गिटारीवर जुनी गाणी पुन्हा म्हणणे हे परतणे नव्हे. तो त्या घरात पहिल्यांदाच राहायला आला आहे.

२०१४ साली त्याने ‘अकूस्टिक क्लासिक्स’ ही ध्वनिमुद्रिका काढली आणि २०१७ साली तिचा दुसरा भाग. निमित्त अगदी व्यावहारिक होते: एकट्याने केलेल्या कार्यक्रमांनंतर श्रोत्यांना नेता येईल असे त्या रूपातले काही मुद्रण हाताशी हवे होते. न्यू यॉर्कच्या ‘सिटी वायनरी’मध्ये जेवणाच्या टेबलांभोवती बसलेल्या श्रोत्यांच्या चिठ्ठ्या घेऊन त्यांतून निघेल ते गाणे म्हणण्याचे कार्यक्रमही त्याने केले आहेत. थोरपणाच्या कोणत्याही आविर्भावाशिवाय, दुकानदाराने मागितलेली वस्तू फळीवरून काढून द्यावी तसा हा प्रकार. पण फळीवर काय काय ठेवले आहे ते पाहा.

‘जेनेसिस हॉल’ हे १९६९चे गाणे. लंडनच्या ड्रुरी लेन भागातील एका रिकाम्या पडलेल्या हॉटेलात बेघर माणसे आणि हिप्पी मुले घुसून राहू लागली होती. पोलिसांनी त्यांना बळाने बाहेर काढले. गाण्याचा निवेदक आरंभीच सांगतो की, आपला बाप सत्तेच्या बाजूने उभा असलेल्यांपैकी आहे. मग तो त्या बापाचा बचावही करतो, आणि बचाव पुरत नाही हेही त्याला कळते. थॉम्सनचा बाप पोलीस खात्यात होता हे लक्षात घेतले की या गाण्याचे दुखणे काय ते उमगते. हे निषेधगीत आहे, पण निषेध करणाऱ्याला रात्री जेवायला त्याच बापाच्या समोर बसायचे आहे. साठच्या दशकाने शेकड्यांनी निषेधगीते लिहिली. त्यांत स्वतःचे घर दुसऱ्या बाजूला आहे असे कबूल करणारी किती, हे मोजायला एका हाताची बोटे बहुधा पुरावीत.

मूळ ध्वनिमुद्रणात हे गाणे सँडी डेनी गाते, तीन मात्रांच्या संथ झोक्यावर, आणि अप्रतिम गाते. परंतु तिच्या तोंडी बाप हा शब्द आला की तो लोककथेतला बाप होतो. कोणे एके काळच्या कोतवालाची मुलगी बोलते आहे असे वाटते. गाण्याला सौंदर्य मिळते आणि पत्ता हरवतो. दुसऱ्या ‘अकूस्टिक क्लासिक्स’मध्ये अडुसष्ट वर्षांचा थॉम्सन तेच गातो तेव्हा आवाज जाड, तळाचा आणि किंचित खरबरीत आहे, झोका आहे, पण ड्रम्स नसल्यामुळे तो कुठेही हलका वाटत नाही. आता बाप हा त्याचाच बाप आहे. शिवाय गाणारा स्वतःच त्या गाण्यातल्या बापाहून कितीतरी मोठ्या वयाचा झाला आहे, त्यामुळे दोष देणारा आणि दोष घेणारा यांच्यातले अंतर गाणे चालू असतानाच मिटत जाते. (२०११च्या नववर्ष सन्मानांत इंग्लंडच्या राणीकडून त्याला ‘ओबीई’ हा किताब मिळाला. पोलिसांविरुद्ध गाणे लिहिणाऱ्या पोलिसाच्या मुलाने तो स्वीकारला. यात विसंगती पाहणाऱ्यांनी हे गाणे पुन्हा ऐकावे. ती विसंगती त्यात पहिल्या ओळीपासून आहेच.)

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. १२ मे १९६९च्या पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून लंडनला परतताना महामार्गावर बँडची गाडी उलटली. एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लॅम्बल आणि थॉम्सनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन हे दोघे मृत्युमुखी पडले. थॉम्सन जखमी झाला, वाचला. या अपघाताच्या काही महिने आधीच ‘मीट ऑन द लेज’ हे त्याचे गाणे प्रसिद्ध झाले होते. सोबतचे एकेक जण गळून पडत आहेत आणि कधीतरी वर कड्याच्या कठड्यावर सगळे पुन्हा भेटू, असा त्याचा साधारण आशय. लिहिताना तो एकोणीस वर्षांचा होता; त्या वयात मृत्यूवर लिहिणे फारसे अवघड नसते, कारण त्याचा पत्ता माहीत नसतो. पुढे गाण्यावर अर्थ चढत गेले. लॅम्बल गेला. १९७८ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, सँडी डेनी गेली. २०१६ साली बँडचा व्हायोलिनवादक डेव्ह स्वॉरब्रिक गेला. ऑक्सफर्डशरमधल्या क्रॉप्रेडी गावी फेअरपोर्टचा वार्षिक उत्सव भरतो, त्याची सांगता याच गाण्याने होते आणि हजारो माणसे ते एका सुरात म्हणतात.

हे दृश्य हृद्य असेल, पण आमच्या मते त्याने गाण्याचे नुकसानच झाले आहे. समूहगान हे सांत्वनाचे साधन आहे. हजार गळ्यांनी म्हटलेले पुनर्मीलनाचे आश्वासन खरेच वाटू लागते. एकटा माणूस एका गिटारीवर ते म्हणतो तेव्हा तसे होत नाही. तिथे आश्वासन देणारा एकच आहे आणि ते खरे होईल की नाही हे त्यालाही ठाऊक नाही. मूळ गाण्यात पालुपदाशी आवाजांची संख्या वाढते. एकट्याच्या आवृत्तीत वाढायला आवाजच नाहीत, आणि त्या रिकाम्या जागेतच गेलेली माणसे मोजता येतात.

अपघातानंतरच्या उन्हाळ्यात बँड हॅम्पशरमधल्या एका खेड्यातल्या घरात राहायला गेला. तिथे घडलेले ‘क्रेझी मॅन मायकेल’ हे गाणे शब्दांनी थॉम्सनचे, चालीने स्वॉरब्रिकचे. एक डोमकावळा मायकेलला भविष्य सांगतो की, तुझ्याच हातून तुझ्या प्रियेचा जीव जाणार. संतापून तो कावळ्याला मारतो, आणि पाहतो तर समोर तीच मरून पडलेली. शेकडो वर्षे जुने वाटावे असे हे बॅलड वीस वर्षांच्या, नुकत्याच मैत्रिणीला पुरून आलेल्या मुलाने लिहिले आहे. गाडी तो चालवत नव्हता. तरी वाचलेल्याचा अपराधभाव अशा तपशिलांना जुमानत नाही. जुन्या लोकगीताचे हे सोंग आणि वर सँडी डेनीचा पारलौकिक वाटावा असा गळा: दोन पडदे झाले. २०१७ साली थॉम्सनने ते गायले तेव्हा त्यांपैकी एक पडदा बाजूला झाला. दुसरा त्याने तसाच ठेवला आहे, आणि तो योग्यच ठेवला आहे असे आम्हांस वाटते.

अपघात, मृत्यू, बाप या गोष्टी कितीही मोठ्या असल्या तरी त्यांच्याबाबतीत गीतकाराचा हक्क निर्विवाद आहे. खरी अडचण लिंडासाठी लिहिलेल्या गाण्यांची आहे, आणि या विषयावर लिहिणारे बहुधा तिला बगल देऊन जातात.

‘वॉकिंग ऑन अ वायर’ हे १९८२च्या ‘शूट आउट द लाइट्स’मधले गाणे. दमलेल्या, तारेवर तोल सांभाळून चालणाऱ्या, आता पडणार हे जाणणाऱ्या जोडीदाराचे ते मनोगत आहे. लिंडाने ते गायले आणि ते रॉकच्या इतिहासातले एक अविस्मरणीय गायन ठरले. ध्वनिमुद्रिका बाजारात येईपर्यंत विवाह मोडला होता. अमेरिकेच्या दौऱ्यावर दोघे एकाच मंचावरून ही गाणी म्हणत होते. वास्तविक गाणी फारकतीच्या आधीची आहेत, पण ऐकणाऱ्यांनी ती रोजनिशी म्हणून ऐकली ती ऐकलीच. आता विचार करा: बायकोची नवऱ्याबद्दलची तक्रार लिहिली कोणी? नवऱ्याने. ती गायची कोणी? बायकोने. म्हणजे आपल्याविरुद्धचे आरोपपत्र त्याने स्वतःच तयार करून तिच्या हाती दिले, आणि तिने ते असे वाचले की लेखकाचे नाव लोक विसरले.

२०१४ साली पासष्ट वर्षांचा थॉम्सन तेच गाणे एकट्याने गातो. आता तक्रार करणारा आणि जिच्याविषयी तक्रार आहे ती व्यक्ती, दोन्ही तोच. आम्ही हे मुद्रण प्रथम ऐकले तेव्हा आमचे मत प्रतिकूल झाले. तिच्या दुःखाचे शब्द आता तोच उचलून घेऊन गेला, असे वाटले. हे मत आम्ही आजही पूर्णपणे टाकलेले नाही. लिंडाच्या गळ्यातला तो तुटण्याच्या बेतात आलेला सूर त्याच्या गायनात नाही. तो दणकट गातो, आणि दणकट माणूस तारेवरून पडेल असे काही वाटत नाही. मात्र दुसरे काहीतरी तिथे आहे. शब्द तेच असताना गाण्याचा काळ बदलतो. तिच्या तोंडी ते चालू वर्तमानकाळातले होते, त्याच्या तोंडी त्याला पश्चात्तापाचा भूतकाळ लागतो. ‘तू मला असे केलेस’ या वाक्याचे ‘मी असे केले, आणि करताना मला माहीत होते’ असे रूपांतर होते. हे रूपांतर बँडच्या सोबतीने होऊ शकले नसते. बँड असला की गायक हे एक पात्र असते. एकट्या माणसापाशी पात्र होण्याची सोय फार थोडी उरते.

‘आय वाँट टु सी द ब्राइट लाइट्स टुनाइट’चे तसे होत नाही. आठवडाभर राबून शनिवारच्या रात्री बाहेर पडू पाहणाऱ्या मुलीचे ते गाणे आहे. १९७४च्या मुद्रणात ब्रास बँडच्या तुताऱ्या वाजतात आणि लिंडा त्या मुलीला रक्तामांसाची करते. एका गिटारीवर, वयस्क पुरुषाच्या आवाजात, ती मुलगी दिसेनाशी होते. उत्तम वादन ऐकायला मिळते, एवढेच. सगळी गाणी अशा परकायाप्रवेशाला तयार नसतात.

‘डिमिंग ऑफ द डे’ मात्र कोणत्याही गळ्यात जिवंत राहते असे दिसते. १९७५चे हे गाणे. त्या सुमारास थॉम्सन सूफी पंथाच्या मार्गाने इस्लामकडे वळला होता. मावळत्या प्रकाशात ज्याला हाक मारली आहे तो प्रियकर की परमेश्वर, हे ठरवण्याची गरज गाण्याला वाटत नाही, आणि मराठी वाचकाला तर ती मुळीच वाटू नये. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने या शतकाच्या आरंभी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आपल्या बँडची जुनी गाणी साधेपणाने मांडली, तेव्हा त्यांच्या पंगतीत हेही घेतले होते.

आता थोडे गिटारीविषयी, कारण एवढे सगळे होते ते तिच्या बळावर. इलेक्ट्रिक गिटारीचा स्वर वाजवणारा हवा तितका लांबवू शकतो. तो रडतो, ओरडतो, वळतो. अकूस्टिक गिटारीचा स्वर छेडल्या क्षणापासून मरू लागतो. थॉम्सन उजव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत पिक धरून खर्जाच्या तारा सांभाळतो आणि मधले बोट व अनामिका मोकळी ठेवून वरच्या तारांवर चाल खेळवतो. पुष्कळदा खर्जाची तार उतरवून घेतलेली असते. ती मध्येमध्ये घुमत राहते आणि बॅगपाइपच्या अखंड सुरासारखा आधार तयार होतो. त्यामुळे बेस गिटारची उणीव भासत नाही, लयही पायाखाली राहते. ‘१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लायटनिंग’ या मोटारसायकल, तिचा दरोडेखोर मालक आणि तांबड्या केसांची मुलगी यांच्या गाण्यात हे सारे कौशल्य एकवटले आहे. १९९१ साली ते मुळातच एका गिटारीवर मुद्रित झाले, म्हणून आमच्या विषयात ते बसत नाही. श्रोते मात्र बहुधा त्याचीच वाट पाहत बसलेले असतात.

परंतु कौशल्य सर्व काही भरून काढत नाही. ‘शूट आउट द लाइट्स’ हे शीर्षकगीत घ्या. अंधारात दबा धरून बसलेल्या माणसाचे ते गाणे, आणि मूळ मुद्रणातले त्याचे गिटारवादन म्हणजे त्या माणसाच्या डोक्यातला कल्लोळ. शब्द जिथे संपतात तिथून पुढे इलेक्ट्रिक गिटार बोलते. अकूस्टिक आवृत्तीत तो कल्लोळ सूचित होतो. ज्यांनी मूळ ऐकले आहे ते मनात भर घालतात, ज्यांनी ऐकले नाही त्यांना एक बऱ्यापैकी गूढ गाणे ऐकल्याचे समाधान मिळते. श्रोत्याच्या स्मरणशक्तीवर उधारी करून उभे राहिलेले सादरीकरण आम्हांस पुरेसे वाटत नाही, मग ते कितीही निष्णात हातांनी केलेले असो.

निष्णात हातांचा आणखी एक धोका आहे. १९८२ साली, विवाह मोडत असताना, थॉम्सनने न्यू यॉर्कच्या लहान क्लबांमध्ये एकट्याने काही कार्यक्रम केले. त्यांची मुद्रणे १९८४ साली ‘स्मॉल टाउन रोमान्स’ या नावाने आली. त्यात ‘जेनेसिस हॉल’ आहे, ‘मीट ऑन द लेज’ आहे, लिंडाची गाणीही आहेत. थॉम्सनला ही ध्वनिमुद्रिका इतकी नापसंत होती की त्याने ती बाजारातून काढून घ्यायला लावली. श्रोत्यांच्या मागणीमुळे ती १९९७ साली परत आली. त्याच्या नापसंतीची कारणे कळण्यासारखी आहेत. आवाज अजून स्वतःला शोधतो आहे, वादन जागोजागी ओबडधोबड आहे. तरीही, उसन्या गळ्यांची गाणी आपल्या गळ्यात घेण्याचा क्षण कसा असतो हे जाणून घ्यायचे असेल तर आम्ही वाचकांस २०१४च्या आधी १९८४ची ध्वनिमुद्रिका सुचवू. नंतरच्या मुद्रणांत त्या गाण्यांचा धनी गातो आहे. इथे, काल-परवापर्यंत दुसऱ्याने सांभाळलेले घर पहिल्यांदाच उघडणारा माणूस चाचपडत भिंतीवर दिव्याचे बटण शोधतो आहे. कलावंताला आपले चाचपडणे लपवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण या बाबतीत त्याचे मत अंतिम मानण्याचे कारण नाही.

लिंडाचे काय झाले? लग्नाच्या काळातच तिला आवाजाच्या एका विकाराने ग्रासले होते. घशातून सूर निघेनासा होई. मधून मधून बरे वाटले तेव्हा ती गायली, तिच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या, पण हळूहळू गाणे अशक्य झाले. ती लिहीत राहिली. २०२४ साली तिची ‘प्रॉक्सी म्युझिक’ ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्या मुखपृष्ठावर ‘रॉक्सी म्युझिक’च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवरील रूपवतीची थट्टा करीत लिंडा स्वतः पहुडलेली आहे, आतल्या सर्व गाण्यांच्या लेखनात तिचा हात आहे आणि एकही गाणे तिने गायलेले नाही. मुलगा टेडी आणि मुलगी कामी यांच्यासह निरनिराळ्या गायकांनी ती गायली आहेत. नवरा ज्या जागेवरून उठला, तिथे बेचाळीस वर्षांनी ती येऊन बसली आहे: शब्द लिहायचे, ते दुसऱ्याच्या गळ्यात द्यायचे आणि ऐकत राहायचे.